वीस सेंटिमीटर पाणी

गार्डाने स्टेशनचं नाव पुकारलं: एकल.
मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलतोय.

सत्त्याऐंशीचा मार्च, नॉरफकची सपाट दलदल,
उसने गमबूट, दोन नंबर मोठे,
आणि पूर्वेचा आळशी वारा. इथे त्याला तसंच म्हणतात,
माणसाला वळसा घालायचा कंटाळा,
सरळ आरपार जातो.

हिल्डा गॅरडने घरटं दाखवलं.
घरटं कसलं, गाईच्या खुराएवढा खळगा,
त्यात चार अंडी, टोकं आत,
थंडीत चार भावंडं पाय जुळवून निजावीत तशी.
ती म्हणाली, पाय उचलण्याआधी खाली बघ.
बाकीचं विद्यापीठात शिकवतील.

अंडं पाण्यात सोडायचं.
ताजं तळाशी आडवं पडतं,
आठवड्याचं उभं राहतं,
पिल्लू भरलं की तरंगतं.
कोन मोजायचा, पुसायचं, परत ठेवायचं. टोक आत.
आईला फोनवर सांगितलं तर ती हबकली:
टिटवी? अगं, ती ओरडली की घरातलं कुणीतरी जातं.
मी म्हटलं, इथे ती ओरडायची थांबली
की समजायचं.

त्या वर्षी दोनशे बारा घरटी.
मग गहू शरदातच पेरायला लागले,
एप्रिलमध्ये पीक गुडघाभर,
पिलांना चिखलापर्यंत जायला वाट नाही.
एकशे चाळीस.
त्र्याण्णव.
एका घरट्यातल्या तापमापकाने लिहून ठेवलं होतं:
पहाटे दोन दहा, अंडी गार पडू लागली.
कोल्हा असावा. मी तेव्हा नॉरिचमध्ये
हीटर लावून झोपले होते.
एकतीस.
सतरा.

या आकड्यांवर मला डॉक्टरेट मिळाली, मग नोकरी,
मग दारावर पितळी पाटी.
आलेख जसजसा उतरला
तसतशी माझी खुर्ची वर गेली.
हे मी कुठल्याही शोधनिबंधात लिहिलेलं नाही.

पाणी-मंडळाची बैठक गावच्या हॉलमध्ये.
मी माझ्या भाषेतली म्हण त्यांना इंग्रजीत सांगितली:
टिटवीदेखील समुद्र आटवी.
डेनिस लार्टर, तीन पिढ्यांचा बीटवाला,
चहात बिस्किट बुडवत म्हणाला,
समुद्र माझ्या आजोबांनीच आटवला, बाई. पंप लावून.
आता तिला आणखी काय हवंय?

वीस सेंटिमीटर, मी म्हटलं.
परत. मार्च ते जून.

चार हात वर झाले. सात नाही.
पुढच्या वर्षी पाच.
अशा अकरा बैठका.
मधल्या काळात हिल्डा गेली,
तिची दुर्बीण मला मिळाली, डाव्या भिंगावर ओरखडा असलेली,
डेनिसचे दोन्ही गुडघे बदलून झाले,
आणि एका संध्याकाळी, कुणालाही न विचारता,
त्यानेच झडपेत एक जादा फळी टाकली.
कारण विचारलं तर जरा वेळ कालव्याकडे बघत राहिला.
बायको शेवटी शेवटी विचारायची, म्हणाला,
तो आवाज कुठे गेला म्हणून.

पहिल्या वर्षी काहीच नाही. नुसतं पाणी, नि बदकं.
मग तीन घरटी. मग नऊ.
मग पुन्हा सहा, कारण मेमध्ये गारा पडल्या.
गेल्या वर्षी बावीस.
यावरून रेष ओढू नये,
मी विद्यार्थ्यांना जन्मभर हेच बजावत आले,
आणि रात्री स्वयंपाकघरात
पाकिटाच्या मागे, पेन्सिलने,
ओढून पाहते.

काल निवृत्तीचा केक कापला.
आज सकाळी परवान्याचा शेवटचा दिवस.
ग्लासात सोडलेलं अंडं तिरपं तरंगलं,
पाण्याबाहेर नखाएवढी टोपी.
कानाशी धरलं. आतून टकटक,
आवाजाला अजून दार सापडलं नव्हतं.
पुसलं, ठेवलं. टोक आत.

वरून ती माझ्या टोपीवर झेपावत होती,
किंचाळत, पुन्हा पुन्हा, जीव खाऊन.
सदतीस वर्षं.
तिला माझी ओळख कुणी करून दिलेली नव्हती.
मी खाली बघत
एकेक पाय उचलत मागे आले.